विक्रीनिवेदन, दूरचित्रवाणीवरील

दूरचित्रवाणीच्या पडद्यावर वस्तू प्रत्यक्ष हाताळून दाखविणे, तिचे गुण सांगणे, किंमत जाहीर करणे व प्रेक्षकाने दूरध्वनीवरून तत्काळ मागणी नोंदवावी म्हणून त्याचे मन वळविणे, या चार क्रिया मिळून होणारे निवेदन म्हणजे विक्रीनिवेदन होय. सामान्य जाहिरात काही सेकंदांची असते आणि वस्तूचे नाव प्रेक्षकाच्या स्मरणात ठेवून ती थांबते. विक्रीनिवेदन अर्धा तास किंवा त्याहून अधिक काळ चालते आणि त्याच बैठकीत व्यवहार पुरा व्हावा अशी अपेक्षा धरते. त्यामुळे दुकानदाराची बरीचशी कामे निवेदकाकडे येतात. ही कामे एका निवेदकाने करावीत की त्यासाठी दोन किंवा अधिक निवेदक असावेत, हा प्रश्न या कार्यक्रमांच्या आरंभापासून चर्चिला गेला आहे. वरवर पाहता तो खर्चाचा व सोयीचा प्रश्न वाटतो. परंतु विक्रीच्या बोलण्याचा इतिहास पाहता, दुसरा निवेदक कोणाच्या बाजूने बोलतो, हाच त्यातील मुख्य मुद्दा असल्याचे दिसून येते. या इतिहासाचे बहुतेक टप्पे नागपूर व विदर्भ या एकाच प्रदेशाच्या आधारे पाहता येतात.

बाजारातील आवाज : विक्रीचे बोलणे बाजारात जन्मले. संत्री व कापूस यांची मोठी पेठ म्हणून नागपूरची ख्याती आहे. संत्र्यांच्या ढिगापुढे उभा राहून भाव पुकारणारा अडत्या एकटाच बोलतो. तरीही ते एकट्याचे बोलणे नसते. लिलाव, म्हणजे वैदर्भी बोलीतील हर्रास, पुकारणाऱ्याच्या प्रत्येक वाक्याला समोरचा व्यापारी उत्तर देत असतो. तो भाव वाढवितो, मान हलवितो, एखादे फळ फोडून पाहतो किंवा पाठ फिरवून चालू लागतो. बाजारात दुसरा आवाज गिऱ्हाइकाचा असतो आणि तो खरा असतो. म्हणून पुकारणारा एकच असला, तरी चालते.

हा दुसरा आवाज दाबला गेला, की बाजार बिघडतो, हेही याच प्रदेशात लवकर ध्यानात आले. कापडाखाली हात धरून बोटांच्या खुणांनी भाव ठरविण्याची पद्धत भारतातील अनेक बाजारांत होती. तीत माल ज्याचा, त्या शेतकऱ्याला आपल्या मालाचा भाव शेवटपर्यंत कळत नसे. नागपूरच्या शेजारच्या वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ मध्ये नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला. भारतातील बाजार-नियंत्रणाचा हा आरंभ मानला जातो. बोलणारे किती, यापेक्षा कोण कोणासाठी बोलतो हे उघड असावे, हे तत्त्व बाजार-नियंत्रणाच्या मुळाशी आहे.

लोकरंगभूमी : झीलकरी व सोंगाड्या : अनेकांच्या समोर दोघांनी मिळून बोलण्याची कला मराठी लोकरंगभूमीने सिद्ध केली. तिच्यात दुसऱ्या माणसाच्या दोन भिन्न भूमिका आढळतात. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी उभे असतात. शाहिराच्या ओळीचा शेवट ते उचलून धरतात, ‘जी जी’ म्हणून त्याला दुजोरा देतात व त्याला दम घेण्यास अवसर देतात. झीलकरी शाहिराशी वाद घालीत नाही. सोंगाड्याचे काम याच्या नेमके उलट असते. तो प्रमुख पात्राचे म्हणणे मुद्दाम चुकीचे समजतो, भलताच प्रश्न विचारतो, मोठेपणाचा आव आणणाऱ्याला जमिनीवर आणतो. गवळणीतील पेंद्या व मावशी याच कुळातील होत. प्रेक्षकांच्या मनात असलेली, पण मोठ्याने न बोलली गेलेली शंका सोंगाड्याच्या तोंडून बाहेर पडते.

पूर्व विदर्भातील खडी गंमत हा लोकनाट्यप्रकार याचे चांगले उदाहरण आहे. रंगमंचाचा थाट न करता, प्रेक्षकांच्या मधोमध उभ्याने सादर होणाऱ्या या खेळात शाहीर, सोंगाड्या व स्त्रीवेषधारी नाच्या यांच्यात संवाद रंगतो. कलगी व तुरा या शाहिरी पक्षांतील सवाल-जवाबांत तर दुसरा पक्ष हा उघड प्रतिपक्षच असतो. याउलट रस्त्यावर औषधे किंवा ताईत विकणाऱ्या मदाऱ्याबरोबरचा जमुरा प्रश्नांची उत्तरे देतो, परंतु ती उत्तरे आधीच ठरलेली असतात. त्याचे रूप सोंगाड्याचे आणि काम झीलकऱ्याचे असते. गर्दीतील कोणी गिऱ्हाईक म्हणून पुढे येऊन औषधाची प्रचीती सांगतो व तोही विक्रेत्याचाच माणूस निघतो, हा प्रकारही याच वर्गातील. पुढे नभोवाणी व दूरचित्रवाणी या माध्यमांनी झीलकरी, सोंगाड्या व जमुरा या तिन्ही भूमिका उचलल्या.

नभोवाणी : नभोवाणीमुळे बोलणारा व ऐकणारा प्रथमच एकमेकांपासून दूर गेले. ऐकणाऱ्याचा चेहरा दिसेना, त्याची शंका ऐकू येईना. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले. भारतातील नभोवाणी केंद्रांनी ग्रामीण श्रोत्यांसाठी जे कार्यक्रम केले, त्यांत एकट्याच्या भाषणाऐवजी दोन किंवा तीन पात्रांच्या गप्पांचा घाट रूढ झाला. एक पात्र माहिती सांगणारे, तर दुसरे गावातील शंकेखोर शेतकऱ्याचे असे. नागर श्रोत्यांसाठी मुंबई केंद्राच्या ‘प्रपंच’ या लोकप्रिय कार्यक्रमात पंत, मीनावहिनी व टेकाडे भावजी या तीन पात्रांच्या घरगुती बोलण्यातून रोजच्या प्रश्नांची चर्चा होई. भावजींचा तिरकस स्वर नसता, तर तो कार्यक्रम उपदेशपर झाला असता.

दुसरा आवाज कल्पित पात्राला न देता खऱ्या श्रोत्याला देण्याचा महत्त्वाचा प्रयोग १९५६ मध्ये पुणे केंद्रावरून झाला. युनेस्कोच्या साहाय्याने तत्कालीन मुंबई राज्यातील १५० खेड्यांत श्रोतृमंडळे स्थापन करण्यात आली. प्रयोगाच्या वेळी नागपूर हे मध्य प्रदेश राज्याची राजधानी असल्याने या क्षेत्राबाहेर होते. मंडळातील शेतकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांत दिली जात. १९५९ पासून ही योजना देशभर विस्तारण्यात आली. प्रसारणात श्रोत्याचा आवाज परत येण्याची सोय असेल, तर बनावट शंकेखोराची गरज उरत नाही, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

यानंतर नभोवाणीवर विक्रीचा प्रवेश झाला व त्यात नागपूरला विशेष स्थान आहे. विविध भारतीवरून जाहिराती प्रसारित करण्याचा आरंभ १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे व नागपूर या केंद्रांवरून प्रायोगिक स्वरूपात झाला. थोड्या सेकंदांत पटवून द्यावयाचे असल्याने अशा जाहिरातींत पति-पत्नी, सासू-सून किंवा दोन मैत्रिणी यांच्या संवादाचा आश्रय पुष्कळदा घेतला गेला. त्यांतील एक पात्र शंका काढी व दुसरे ती क्षणात दूर करी. शंका अशी बेताने काढलेली असे, की तिचे उत्तर म्हणजे वस्तूचे नावच असावे. ग्रामीण कार्यक्रमातील शंकेखोर आणि जाहिरातीतील शंकेखोर दिसावयास सारखे. परंतु पहिला श्रोत्याचा प्रतिनिधी होता, तर दुसरा विक्रेत्याचा.

दूरचित्रवाणीचा प्रसार : मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. दूरदर्शनवर जाहिराती १९७६ पासून स्वीकारण्यात आल्या. ‘आमची माती आमची माणसं’ या मुंबई केंद्राच्या कृषिविषयक कार्यक्रमाने नभोवाणीवरील संवादाचा घाट पडद्यावर आणला. इन्सॅट उपग्रहयोजनेच्या काळात, १९८० नंतरच्या दशकात, नागपूर येथे उपग्रह दूरदर्शन केंद्र काम करू लागले व विदर्भातील ग्रामीण प्रेक्षकांसाठी कार्यक्रम तयार होऊ लागले. विक्रीनिवेदन मात्र भारतात यानंतर आले आणि ते परदेशी नमुन्यावर आले. म्हणून परदेशांतील परंपरा थोडक्यात पाहणे आवश्यक ठरते.

परदेशांतील परंपरा : ब्रिटनमध्ये व्यापारी दूरचित्रवाणीच्या आरंभकाळात जाहिरात-मासिक या नावाने ओळखला जाणारा कार्यक्रमप्रकार होता. त्यातील ‘जिम्स इन’ (१९५७–६३) हा कार्यक्रम एका खेड्यातील मद्यगृहात घडे. मालक, त्याची पत्नी व नेहमीचे गिऱ्हाईक गप्पा मारीत आणि गप्पांच्या ओघात वस्तू व त्यांच्या किंमती यांचा उल्लेख होई. येथे बोलणारे अनेक होते. पण ते सर्व एकाच बाजूचे होते व ही बाजू गप्पांत झाकली जात होती. कार्यक्रम कोठे संपतो व जाहिरात कोठे सुरू होते, हे प्रेक्षकाला कळत नाही, या आक्षेपावरून हा प्रकारच १९६३ मध्ये बंद करण्यात आला.

अमेरिकेतील परंपरा एकट्या निवेदकाची आहे. फ्लॉरिडा राज्यातील क्लिअरवॉटर येथील एका नभोवाणी केंद्राला १९७७ मध्ये एका जाहिरातदाराने पैशांऐवजी डबे उघडण्याची ११२ विद्युत् उपकरणे दिली. बॉब सरकोस्टा या निवेदकाने ती प्रक्षेपणातून विकली. या अनुभवातून १९८२ मध्ये स्थानिक तारवाहिनीवर विक्रीकार्यक्रम सुरू झाला व १९८५ मध्ये तो देशभर पसरला; ‘होम शॉपिंग नेटवर्क’ हे त्याचे नाव. ‘क्यूव्हीसी’ ही प्रतिस्पर्धी वाहिनी १९८६ मध्ये निघाली. या वाहिन्यांवर एक निवेदक, त्याच्यासोबत वस्तूच्या उत्पादकाचा प्रतिनिधी आणि दूरध्वनीवरून थेट बोलणारा ग्राहक, अशी रचना स्थिरावली. ग्राहकाचा आवाज येथे खरा असला, तरी कोणाचा आवाज प्रक्षेपित करावयाचा, ही निवड वाहिनीच्याच हाती राहिली.

अमेरिकेतच १९८४ मध्ये जाहिरातींच्या कालमर्यादेवरील निर्बंध उठविण्यात आल्यानंतर अर्ध्या तासाच्या पूर्वमुद्रित जाहिरात-कार्यक्रमांची लाट आली. माइक लेव्ही यांच्या ‘अमेझिंग डिस्कव्हरीज’ या कार्यक्रमात वस्तू सादर करणारा पाहुणा व आश्चर्यचकित होणारा सूत्रधार अशी जोडी असे. थक्क होणे हेच दुसऱ्याचे काम ठरले. जपानमध्ये मात्र नागासाकी प्रांतातील अकिरा ताकाता यांनी प्रथम नभोवाणीवर व नंतर दूरचित्रवाणीवर बहुतांशी एकट्याच्या निवेदनाने मोठा व्यवसाय उभा केला. दक्षिण कोरियात १९९५ पासून सुरू झालेल्या विक्रीवाहिन्यांवर दोन निवेदकांची जोडी रूढ झाली. यावरून निवेदकांची संख्या व विक्रीचे यश यांचा थेट संबंध जोडता येत नाही.

भारतातील विक्रीवाहिन्या : भारतात १९९० नंतरच्या दशकात उपग्रहवाहिन्यांचा प्रसार झाल्यावर अमेरिकेतील पूर्वमुद्रित कार्यक्रम हिंदी संवाद बसवून दाखविले जाऊ लागले. व्यायामाची साधने, स्वयंपाकघरातील यंत्रे, सौंदर्यप्रसाधने ही त्यांतील नेहमीची सामग्री. बोलणाऱ्यांच्या ओठांची हालचाल व शब्द यांचा मेळ नसे. तरीही एक सांगणारा व एक थक्क होणारा, हा साचा त्यांतूनच भारतीय प्रेक्षकांच्या परिचयाचा झाला. अहोरात्र चालणारी ‘होमशॉप एटीन’ ही वाहिनी २००८ मध्ये सुरू झाली. त्यानंतर स्टार व दक्षिण कोरियातील सीजे उद्योगसमूह यांच्या भागीदारीतून ‘स्टार सीजे’ ही वाहिनी निघाली. पुढे ती ‘शॉप सीजे’ या नावाने ओळखली गेली. वस्तू घरी आल्यावर पैसे देण्याची सोय हा भारतीय विक्रीवाहिन्यांचा मोठा आधार होता. मराठी नियतकालिकांतील जाहिराती पाहून व्ही. पी. ने वस्तू मागविण्याची सवय असलेल्या वाचकवर्गाला ही पद्धत अपरिचित नव्हती. महाजालावरील खरेदीचा विस्तार झाल्यावर या वाहिन्यांचे महत्त्व कमी झाले. महाजालावर थेट प्रक्षेपण करून वस्तू विकण्याचा प्रकार पुढे आला, तेव्हा तेथेही निवेदक एक असावा की दोन, हाच प्रश्न नव्याने उभा राहिला.

एक की अनेक : एकापेक्षा अधिक निवेदक असावेत, या मताच्या बाजूने तीन प्रकारची कारणे दिली जातात. पहिले शारीरिक स्वरूपाचे आहे. दीर्घकाळ न थांबता बोलणे श्रमाचे असते. एक बोलत असताना दुसऱ्याला वस्तू उघडणे, जोडणे, चालवून दाखविणे ही कामे करता येतात. साडी किंवा दागिना अंगावर घालून दाखविणारी व्यक्ती स्वतः वर्णन करू लागली, तर दोन्ही कामे अपुरी राहतात. दुसरे कारण श्रवणाचे आहे. एकच आवाज दीर्घकाळ ऐकल्यास अवधान ढळते. आवाज बदलला, की ते परत येते. तिसरे कारण विश्वासाचे. दोघांना एकमेकांशी बोलताना ऐकले, की आपल्याला कोणी काही विकत नसून आपण एक संभाषण ऐकत आहोत, असे प्रेक्षकाला वाटते.

यांपैकी पहिली दोन कारणे निर्विवाद आहेत. परंतु त्यांसाठी मदतनीस किंवा पाळीपाळीने येणारे निवेदक पुरेसे होतात. तिसरे कारण मात्र दुधारी आहे. ऐकणारा संभाषणाच्या भावनेत असताना त्याची सावधगिरी सैल होते. समोरून सरळ विकणारा एकटा निवेदक आपली भूमिका लपवू शकत नाही. दोघांची जोडी ती लपवू शकते. शिवाय बाजारात शंका काढणारा गिऱ्हाईक गप्प बसत नाही, पण पडद्यावरील शंकेखोर पहिल्याच उत्तराने समाधान पावतो. प्रेक्षकाला वाटते, की आपली शंका विचारली गेली. वस्तुतः ती विचारण्याची संधीच त्याच्याकडून काढून घेतलेली असते. हप्ते किती, परत करण्याची मुदत किती, दुरुस्ती कोण करील, वजनमाप काय, हे चार प्रश्न खरा गिऱ्हाईक आधी विचारतो. दुसऱ्या निवेदकाची कसोटी घ्यावयाची, तर तो यांतील किती प्रश्न विचारतो, हे पाहावे.

कायदा व जबाबदारी : या प्रश्नाचे सर्वांत गंभीर रूप औषधे व चमत्कारी वस्तू यांच्या विक्रीत दिसते. चमत्कारी उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा केंद्रीय कायदा १९५४ पासून आहे. केबल दूरचित्रवाणीविषयक नियमांनी जाहिरात ही कार्यक्रमापासून स्पष्टपणे वेगळी दिसली पाहिजे, असे बंधन घातले. तथापि सिद्ध यंत्रे, ताईत व कवचे विकणारे दीर्घ कार्यक्रम अनेक वाहिन्यांवर चालू राहिले. त्यांत परिचित चेहऱ्याचा निवेदक असे आणि वस्तूमुळे आपले दारिद्र्य किंवा आजार गेल्याचे सांगणारी माणसे एकामागून एक येत. हे मदारी, जमुरा व गर्दीतील प्रचीती सांगणारा यांचेच रूप होते. फरक इतकाच, की रस्त्यावरच्या खेळात पाहणारा हसून निघून जाऊ शकत असे, तर येथे संकटात सापडलेला माणूस आपल्या घरात एकटा बसून ऐकत होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये, अलौकिक सामर्थ्याचा दावा करून अशा वस्तूंची दूरचित्रवाणीवर जाहिरात करणे हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये बेकायदेशीर ठरविले.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ याने जबाबदारीची व्याप्ती वाढविली. १९८६ च्या मूळ कायद्याची जागा घेणाऱ्या या अधिनियमानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाप्रमाणेच वस्तूची शिफारस करणाऱ्यावरही १० लाख रुपयांपर्यंत दंड बसू शकतो व अपराध पुन्हा घडल्यास ही मर्यादा ५० लाखांपर्यंत जाते. शिफारशीपूर्वी दाव्याची खातरजमा केल्याचे शिफारसकर्त्याला दाखविता आले, तर त्याला संरक्षण मिळते. जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी शिफारसकर्त्याचे विक्रेत्याशी असलेले आर्थिक संबंध उघड करण्यावर भर दिला. पडद्यावर बोलणारे दोन असोत वा चार, प्रत्येकाने आपण कोणाच्या पैशाने बोलतो हे सांगावे आणि बोलल्याची जबाबदारी घ्यावी, असा या तरतुदींचा रोख आहे. कारंज्याच्या बाजारापासून चालत आलेले तत्त्वच येथे नव्या माध्यमाला लावलेले दिसते.

या सर्व इतिहासावरून विक्रीनिवेदनास एकाहून अधिक निवेदकांची अपरिहार्यता सिद्ध होत नाही. ग्राहकाचा खरा आवाज परत येण्याची सोय जेथे आहे, तेथे एक निवेदक पुरतो. जेथे ती नाही, तेथे दुसऱ्याची उणीव निश्चितच भासते. परंतु ती उणीव झीलकऱ्याने भरून निघत नाही आणि जमुऱ्याने तर ती अधिकच वाढते. तिला गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलणारा सोंगाड्या लागतो. अशा माणसाला वेतन देऊन पडद्यावर उभे करण्यास विक्रेते क्वचितच तयार होतात. नागपूरच्या बाजारात ढिगातील संत्रे फोडून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला हा अधिकार विनामूल्य मिळालेला होता. दूरचित्रवाणीने त्याला घरी बसविले व त्याच्या वतीने बोलण्यास दुसरा नेमला. त्या दुसऱ्याची निष्ठा कोठे आहे, हे ओळखण्याचे काम प्रेक्षकावरच येऊन पडते.